नव्वद नसलेली नदी

तेरेक-सू पाणीठाणं
१२ एप्रिल २०१९

सालकिन एजे,

पोचलो. तीन दिवसांच्या रस्त्याला मला सहा दिवस लागले, थोरली बहीण म्हणून त्याच्या शिव्या आत्ताच घालून घे म्हणजे पुढचं वाचायला मोकळी होशील. झालं असं की कोचकोरला एक मधमाश्यांवाला भेटला. त्याला पेट्या ट्रकवर चढवायला माणूस हवा होता. मी चढलो तो पेट्यांबरोबर उलट्या दिशेला गेलो. माश्या चावल्या त्या चावल्या, पण राणीमाशी कशी ओळखायची ते कळलं. तुला सांगणार होतो, पण तू म्हणशील, उलार, मुद्द्यावर ये.

तर मुद्दा. ठाणं म्हणजे दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, रेडिओची काठी, आणि साठ पावलं खाली नदी. जुन्या पुलाचा एक दगडी खांब उरलाय, त्यावर तुमच्या जलखात्याची ती लोखंडी मोजपट्टी ठोकलेली आहे. तुझ्या स्लाइडसाठी पट्टीचे, नदीचे आणि वरच्या हिमनदीचे फोटो हवेत ना? काढतो. ठाणं सांभाळणारी बुरुल वहिनी हसली. "फोटो? नदीचा? ती हलते की!" वहिनी म्हणायचं कारण तिचा नवरा माझ्याहून मोठाच असणार, तो रशियात इमारतींवर काम करतो. तू दहा मिनिटं बोलण्यासाठी महिनाभर तयारी करतेस हे ऐकून म्हणाली, "आमचे हे फोनवर दहा मिनिटं बोलतात. त्याची तयारी वर्षभर चालते."

बाई तिखट आहे पण हाताला चव आहे. सकाळी चहा, पाव, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या. चहाचा एक वाडगा रोज आतल्या मानाच्या जागेवर ठेवते. कुणाचा म्हणून विचारलं तर म्हणाली, "घरातल्या मोठ्यांचा. येतील." म्हणजे सासरे. त्यांची अजून भेट नाही, पण आवाज ऐकला. सकाळी दार उघडं होतं, खालून म्हातारा माणूस आकडे मोजत होता, सावकाश, एकेक. पट्टी वाचत असणार. मी जोडे घालून खाली गेलो तोवर निघून गेले होते. पायाने चपळ दिसतात. भेटले की तुझ्यासाठी त्यांचाही फोटो काढतो, लोकांना म्हातारी माणसं आवडतात.

तुझा,
उलार

*

बिश्केक
१९ एप्रिल

उलार,

शिव्या घातल्या. आता ऐक, आणि या वेळी माश्यांच्या मागे जाऊ नकोस.

माझं सादरीकरण १४ मेला आहे. दहा मिनिटं, आठ स्लाइड. अल्माटी, दुशान्बे, सगळीकडचे लोक येणार. आजवर मी तेरेक-सूचे महिन्याचे सरासरी आकडेच वापरत आले. माझा प्रबंध त्यावरच उभा आहे. या वेळी वाटलं, स्लाइडवर रोजची रेघ दाखवू, दिसायला जिवंत दिसेल. काढली, आणि खुर्चीतच बसून राहिले.

दर वसंतात बर्फ वितळतं, पाणी चढतं. ऐंशी सेंटिमीटर, पंच्याऐंशी, एकोणनव्वद. मग रेघ खाली पडते. परत ऐंशी. पुन्हा तीच चढण चढते, एकोणनव्वदला येते, आणि तिथून थेट शंभरावर उडी. उतरताना उलट तसंच. अकरा वर्षं. अकरा वर्षांत नव्वद ते नव्याण्णव यातला एकही आकडा नाही. एकही. नदी असं वागत नाही, उलार. कुठलीच.

ती रेघ मी चौथ्या स्लाइडवर ठेवली. आमच्या विभागाचे प्रमुख केंगेश ओमूरोविच, त्यांनी ती पाहिली आणि म्हणाले, "बाई चुलीपाशी बसून आकडे रचते. मनात येतील ते. रचणाऱ्याच्या मनात काही आकडे येतच नाहीत, हे जुनं लक्षण आहे." मी चौथ्या स्लाइडवर 'अविश्वसनीय नोंदी' लिहावं, अकरा वर्षं वगळावीत, असं त्यांचं म्हणणं. एकदा भर सभेत ते म्हटलं गेलं की ठाणं बंद होईल आणि त्या बाईचं नाव तालुकाभर खोटारडी म्हणून होईल.

तिला काही बोलू नकोस. ती खरंच रोज नदीवर जाते का ते पाहा. मूळ वह्या असतील तर मिळव. जिल्ह्याच्या ऑफिसात कारकून रेडिओवर ऐकून लिहून घेतात, चूक तिथेही झाली असेल; पण अकरा वर्षं तीच चूक?

आणि एक. म्हाताऱ्याच्या गोष्टी रचून मला पाठवू नकोस. त्या ठाण्यावर सासरा नाही. आमच्या यादीत २००७ पर्यंत निरीक्षक म्हणून एक पुरुष आहे, नुसतं आडनाव. त्यानंतर ते ठाणं एकट्या बाईचं आहे.

सालकिन

*

तेरेक-सू
२९ एप्रिल

एजे,

पत्र मिळालं. शेवटची ओळ वाचली आणि वाडग्यातला चहा तसाच राहिला. रचलेलं नव्हतं. पण ते नंतर.

ती रोज जाते. आठला दहा कमी असताना डोक्याचा रुमाल बांधते, वही घेते, उतरते. पाऊस असो, गारा असोत. परवा गारांत मी म्हटलं, "आज राहू दे, अंदाजे लिही." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गारांत जास्त सुरक्षित होतो.

पट्टीवर सगळीकडे शेवाळ चढलंय. फक्त नव्वद ते नव्याण्णवचा तुकडा स्वच्छ, पांढरा. ती रोज रुमालाच्या टोकाने तेवढाच पुसते. जपून. झोपलेल्या माणसाचं तोंड पुसावं तसा.

या वर्षी ऊन लवकर पडलंय. सव्वीसला पाणी नव्वद ओलांडून गेलं. मी स्वतः वाचलं: त्र्याण्णव. वहीत तिने लिहिलं तेही पाहिलं, ९३, ठसठशीत. मग वर येऊन तिने रेडिओ उघडला आणि खरखरीत ओरडून सांगितलं, "तेरेक-सू! ऐंशी दहा तीन!"

मी म्हटलं, "वहिनी, हे काय? नव्वद—"

तिने हात माझ्या तोंडावर ठेवला. पिठाचा हात.

"तू म्हण, तू परका आहेस. पण माझ्या घरात नको."

मग कळलं. सासऱ्याचं नाव तोक्सोनबाय. जन्मले तेव्हा त्यांचे आजोबा नव्वदीचे होते म्हणून पोराचं नावच तोक्सोन, नव्वद. आपल्या शहरातल्या आईने कधी पाळलं नाही, पण इकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नावातला शब्दही घेत नाही. मग नव्वदला ती काय म्हणणार? ऐंशीवर दहा. त्र्याण्णव म्हणजे ऐंशी दहा तीन. अकरा वर्षं हेच. आणि दहा म्हणजे आपल्या तोंडी 'ओन', श्वासाएवढा शब्द. रेडिओच्या खरखरीत तो 'ओन' वारा घेऊन जातो, आणि तिकडे कारकून लिहितो त्र्याऐंशी. तुझी रेघ पडत नव्हती, एजे, 'ओन' पडत होता!

मी म्हटलं, "मग लिहिताना बरं लिहितेस ९३?"

"लिहिताना तोंड कुठे उघडावं लागतं?"

वह्या सगळ्या आहेत, पिठाच्या गोणीत, अकरा. बारावी म्हाताऱ्याची. जून २००७ मध्ये एका सकाळी तो पट्टी वाचायला उतरला. खांबापाशी वही सापडली, त्यात आकडा होता, ९४, शाई ओली. माणूस नव्हता. शोधणाऱ्यांनी पंधरा दिवस शोधलं आणि म्हणाले, सापडला नाही. मेला असं कुणी म्हणालं नाही. त्यामुळे मयताचं जेवण नाही, रडणं नाही, कबर नाही. चहाचा वाडगा आहे.

आता आवाजाचं. पाणी नव्वदच्या वर गेल्यापासून रोज ऐकतो. ती उतरण्याच्या आधी. सत्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद. आणि मग थांबतो. पुढचा आकडा कुणीतरी म्हणायची वाट बघत असल्यासारखा. काल वहिनीला सांगितलं. ती कणीक मळत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली, "तुलाही ऐकू येतो? बरं झालं. मला वाटायचं मी एकटी राहून वेडी झालेय."

तिने विचारलं, तुझी बहीण सालकिन म्हणजे पूर्वी रेडिओवर होती ती पोरगी का? गोड आवाजाची, रोज सकाळी 'बोला तेरेक-सू' म्हणायची? मी म्हटलं, नसावी, ती मोठी बाई आहे.

एजे, नव्हतीस ना?

उलार

*

बिश्केक
५ मे

उलार,

होते. २००८ ते २०१४, सात वर्षं. तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते, जिल्ह्याच्या ऑफिसात. तुला आठवत नाही कारण तू तेव्हा शाळेतून पळून जाण्यात गुंतला होतास.

आणि वाऱ्याने काही नेलं नाही. ते तू माझ्यासाठी शोधलंस, प्रेमाने. मी 'ओन' ऐकला होता. पहिल्याच आठवड्यात. ऐंशी दहा एक. मी म्हटलं, "एक्याऐंशी ना?"  ती पुन्हा म्हणाली, तेच. मला वाटलं, खेड्यातली बाई, मोजताना अडखळते. मी तिच्या वतीने दुरुस्त केलं. रोज दुरुस्त करत गेले. बदली झाली तेव्हा नव्या कारकुनाला शिकवून आले: "तेरेक-सूची बाई मध्ये दहा घुसडते, तिकडे लक्ष देऊ नको." तो आजही माझ्या सांगण्यावर चालतो. केंगेश ओमूरोविच त्या बाईला रचणारी म्हणतात. रचणारी मी आहे.

यादीत तिच्या सासऱ्याचं फक्त आडनाव होतं. पण मला विचारता आलं असतं. मी सात वर्षं तिच्याशी रोज बोलले आणि एकदाही विचारलं नाही.

आता हे सभेत सांगितलं तर माझा प्रबंध गेला. सरासऱ्या त्याच आकड्यांच्या आहेत. पदवी परत घेतील की नाही माहीत नाही, पण लोक मागे मागे बोलतील, सालकिनला दहापर्यंत मोजता येत नव्हतं म्हणून.

रोज रिकाम्या सभागृहात तालीम करते. आइदा वेळ लावून बसते, तिला तू ओळखत नाहीस, माझ्याबरोबर काम करते, खोचक आहे. काल ती म्हणाली, "छान चाललंय, पण चौथ्या स्लाइडवर तू एक पूर्ण मिनिट गप्प राहतेस. नाटकी वाटतं, काढून टाक." मी म्हटलं, मी कुठे गप्प राहते? तिने घड्याळ दाखवलं. अकरा मिनिटं. माझ्या हिशेबाने मी अखंड बोलले होते, दहा मिनिटं. आज फोनवर माझाच आवाज भरून घेतला. 'एकोणनव्वद' म्हणते, आणि मग एक मिनिट काही नाही. माझा श्वासही नाही. मग पाचवी स्लाइड. ते मिनिट मला आठवत नाही, उलार. मी त्या वेळी कुठे असते?

म्हणून ठरवलंय. चौथी स्लाइड काढते. सात स्लाइडही चालतात. बाईवर कुणी काही बोलणार नाही, माझ्यावरही नाही. वह्या तिथेच राहू देत.

सालकिन

*

तेरेक-सू
९ मे

एजे,

हे पत्र घाईचं आहे, दुधाचा ट्रक दारात उभा आहे आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. वह्या त्याच्याबरोबर पाठवल्या, बाराही, गोणीसकट. पीठ सांडेल, झटकून घे.

सात स्लाइडही चालतात म्हणे! तू काढलीस की तुझे केंगेश ओमूरोविच प्रश्नांच्या वेळी उठतील आणि स्वतःच बोलतील, 'ती अकरा वर्षं का वगळली ते सांगा.' मग तू काय, आणखी एक मिनिट गप्प राहणार?

मी कुठल्याच गावात दोन महिने टिकलो नाही, कुठलीच गोष्ट शेवटापर्यंत नेली नाही, मला तुला शिकवायचा हक्क नाही. पण मी त्या खांबापाशी उभा राहिलोय. तू नाहीस.

तुझं पत्र वहिनीला दाखवलं. रागावू नकोस, तिचंच होतं ते अर्धं. मला वाटलं ती ओरडेल. उलट तिला हसू आलं. "एवढ्याशा पोरीने मला सात वर्षं मोजायला शिकवलं!" मग हसू गेलं. रेडिओकडे वळली. मग म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो:

"तिला सांग, माझ्यासाठी भांडू नको. एवढंच कर. मी सून आहे, मला म्हणता येत नाही. माझा नवरा मुलगा आहे, त्याला म्हणवत नाही. शोधायला आलेल्यांनी म्हटलं नाही. ती कुणीच नाही त्यांची. तिने म्हणावं. शेवटचा आकडा म्हणावा आणि पूर्ण नाव म्हणावं, मोठ्याने, माणसं बसलेली असताना. बारा वर्षं ते एकोणनव्वदपाशी उभे आहेत."

हॉर्न. निघतोय तो.

उलार

*

बिश्केक
१५ मे

उलार,

झालं.

आठ स्लाइड होत्या. गोणी तेराला संध्याकाळी मिळाली, पीठ माझ्या काळ्या कोटावर सांडलं, आइदाने ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाली, आता तू खरीच विज्ञानाची बाई दिसतेस, खडूने भरलेली. बारा वह्यांचे आकडे आम्ही दोघींनी सकाळपर्यंत भरले.

पहिल्या तीन स्लाइड कशा गेल्या ते आठवत नाही, म्हणजे ठीक गेल्या. चौथी आली. खाली पडणारी रेघ. मी 'एकोणनव्वद' म्हटलं आणि ते मिनिट आलं. या वेळी मी त्यात होते. सगळं दिसत होतं. दीडशे माणसं, वर फिरणारा पंखा, पहिल्या रांगेत केंगेश ओमूरोविच मनगटावरचं घड्याळ बोटाने ठोकत. आणि माझ्या मागे कुणीतरी उभं होतं. मागे फक्त भिंत होती, तिच्यावर माझी रेघ. मला ओल्या लोकरीचा वास आला. मी वळले नाही.

"सालकिन, वेळ चाललाय," केंगेश ओमूरोविच म्हणाले.

मी म्हटलं, "हे आकडे निरीक्षकाने रचलेले नाहीत. मी लिहिलेत. चुकीचे. सात वर्षं स्वतः, चार वर्षं दुसऱ्याकडून." मग का ते सांगितलं. ऐंशी, दहा, तीन. मागच्या रांगांत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मी पुढे म्हटलं, "शेवटची नोंद, अकरा जून दोन हजार सात, सकाळी आठ. चौऱ्याण्णव. निरीक्षक तोक्सोनबाय."

मागचा वास गेला. खोलीतून माणूस उठून जातो तेव्हा जागा मोकळी होते ना, तसं.

पाचव्या स्लाइडवर दुरुस्त केलेली रेघ होती. चढते, थांबत नाही, पडत नाही. आणि दुरुस्त केल्यावर दिसतं की नव्वदच्या वरचे दिवस दर वर्षी वाढतायत. माझ्या प्रबंधात नेमकं उलट लिहिलंय.

प्रश्नांच्या वेळी दुशान्बेचा एक टक्कल पडलेला माणूस उठला. म्हणाला, "माझ्या आईच्या सासऱ्याच्या नावात दगड होता. ती दगडाला 'ते टणक' म्हणायची. आमचा बाप तिच्याकडून भूकंपाच्या नोंदी लिहून घ्यायचा." सगळे हसले. तो हसला नाही. "मी विचारतोय, आपल्या वह्यांत असं किती असेल?" मी प्रश्न वहीत लिहून घेतला. घंटा वाजली.

केंगेश ओमूरोविच बाहेर भेटले. "प्रबंध परत लिहावा लागेल तुला." मी म्हटलं, हो. "अकरा वर्षं मात्र वाचली," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरचं पीठ झटकून गेले. ठाणं चालू राहील. बुरुल वहिनींना सांग, त्यांच्या नावावर एक डागही नाही, आणि त्यांनी सांगितलेलं मी केलं.

रात्री पहिल्यांदा झोप लागली.

सालकिन

*

तेरेक-सू
२१ मे

एजे,

तुझं पत्र एकोणीसला आलं. तिने म्हटलं, वाचून दाखव. मी दारापाशी उभा राहून वाचलं. आकड्याशी आलो आणि थांबलो. ती म्हणाली, "पुढे." मी आकडा वाचला. नाव वाचलं. ठाण्यात, तिच्यासमोर, मोठ्याने. तिने सगळं ऐकून घेतलं, डागाचं, ठाण्याचं, भूकंपाच्या माणसाचंही. मग उठली आणि मानाच्या जागेवरचा वाडगा उचलून चहा बाहेर ओतला.

मला वाटलं, सुटली. मी शिट्टी वाजवत जोडे घालायला लागलो. निघायचं होतं मला, खाली एक मेंढपाळांची टोळी चाललीय, त्यांच्याबरोबर.

मागे बघितलं तर ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. प्रेत घरात असताना बायका बसतात तशी. अजून तशीच आहे. पण रडत नाही. कोरडी बसलीय. मी म्हटलं, वहिनी, आता रड की.

"कसं रडू? मला कुणी कळवलंय कुठे?"

"आत्ता वाचलं ना मी!"

"तू पत्र वाचलंस. तिने दीडशे परक्यांना सांगितलं, घराला नाही सांगितलं. बातमी ज्याने तोंडातून काढली त्याने दारात येऊन द्यायची असते. त्याआधी रडलं तर ते जिवंतपणी रडल्यासारखं होतं. मग त्यांना कुठेच जाता यायचं नाही, ना घरात, ना पलीकडे."

नवऱ्याला कळवू का विचारलं. मान हलवली, नको. आधी तू दारात यायचंस, मग त्याला.

नदीवर ती गेलेली नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. दोन दिवस मी उतरतो. काल सत्याण्णव, आज अठ्ठ्याण्णव. रेडिओवर सरळ सांगितलं, तिकडच्या कारकुनाने तीनदा विचारून घेतलं. आवाज येत नाही आता. पण एजे, तुला वाटलं ना माणूस उठून गेला? तो इथेच आलाय. खांबापाशी मी वाकतो तेव्हा मोजणं ऐकू येत नाही, पण कुणीतरी ऐकतंय असं वाटतं. वर घराकडे तोंड करून. तिने रडायची वाट बघत.

म्हणून मी निघालो नाही. आणि तू निघ. प्रबंध नंतर लिही. कोचकोरपर्यंत गाडी मिळेल, तिथे दुधाच्या ट्रकवाल्याला उलारची बहीण म्हण. इथे आलीस की आत शिरू नकोस. दाराबाहेर उभी राहा, तिचं नाव घेऊन हाक मार, आणि तो मेला असं सांग. तेवढ्याच शब्दांत. समजवायला जाऊ नकोस, तुझी चूक सांगत बसू नकोस, माफी तर मुळीच नको, ती माफी ऐकायला बसलेली नाही.

काळे कपडे आण. तिच्यासाठी नकोत, तिचे बारा वर्षं घडी घालून पेटीत आहेत. तुझ्यासाठी आण.

उलार